ओळखीचं भांडवल

पोलीस चौकीसमोरून जाताना आपण उगीचच पावलं भराभर उचलतो. पण आत ओळखीचा हवालदार असला, की दोन शब्द बोलायला थांबतो आणि बोलता बोलता सांगून टाकतो, मागच्या गल्लीत रात्री अनोळखी पोरं बसतात. पोलिसांना खबर मिळाली, तीही फुकट. या ओळखीपाळखीला समाजशास्त्रात ‘सामाजिक भांडवल’ म्हणतात.

भिवंडी घ्या. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत हे यंत्रमागांचं गाव होरपळलं. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभारल्या. हिंदू, मुसलमान आणि पोलीस एकत्र बसू लागले, तेही सगळं शांत असताना. वस्तीतल्या बारीकसारीक कुरबुरींसाठी एवढा खटाटोप? पण इथेच तर भांडवल साठतं.

कारण अफवा तोवरच धावते, जोवर ती पडताळायला पलीकडे कुणी ओळखीचं नसतं. ‘अमक्याला मारलं’ असं कानावर आलं आणि पलीकडच्या वस्तीत विचारता आलं, की तिचे पाय तिथेच मोडतात. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली.

राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम या भांडवलाचे दोन प्रकार सांगतात. एक आपापसांत घट्ट बांधणारं, दुसरं परक्यांकडे पूल टाकणारं. पोलिसांत पहिलं भरपूर असतं. रात्रीच्या गस्तीत ते जीव वाचवतं. मात्र तेवढंच असलं, तर सहकाऱ्याच्या चुकीवर पांघरूणही तेच घालतं.