ग्रहांचा अभ्यास करून पोट भरतं का?

२०२३ च्या गणेशोत्सवातली गोष्ट. चांद्रयान-३ चंद्रावर उतरून जेमतेम महिना झाला होता. त्यामुळे आमच्या मंडळाच्या मखरात त्या वर्षी थर्माकोलचा विक्रम लँडर होता आणि बाप्पा त्याच्या शेजारी. रविवार, २४ सप्टेंबर. आरतीची तयारी चालली होती, आणि माझ्या एका मित्राची मुलगी, तेव्हा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात, कोपऱ्यात फोनमध्ये डोकं खुपसून बसली होती. आईने दोनदा हाक मारली. "दोन मिनिटं गं, आई! कॅप्सूल खाली येतेय!"

ती कॅप्सूल म्हणजे ओसायरिस-रेक्स यानाने बेन्नू नावाच्या लघुग्रहावरून आणलेली माती. ती युटाच्या वाळवंटात उतरली, मग आमची आरती झाली.

जेवणाच्या रांगेत मी सहज विचारलं, "मग, पुढे काय करणार?" ती म्हणाली, "प्लॅनेटरी सायन्स." तिच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू इंजिनियर ना? तूच समजाव हिला. आधी कॉम्प्युटर सायन्स कर म्हणावं, मग बघ काय ग्रह बघायचेत ते." मीही श्रीखंडाची वाटी हातात धरून तेच ज्ञान पाजळलं. पोरीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, तुम्हाला या फील्डबद्दल काय माहीत आहे?"

खरं सांगायचं तर काहीच नाही. मी या देशात एम.एस. केलं, नोकरीला लागलो, आणि 'रिसर्च' हा शब्द माझ्यापुरता तिथेच संपला. पण तो प्रश्न मनाला लागला. नंतरचे काही महिने मी जमेल तशी माहिती काढली. आमच्या गावच्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांना भेटलो, नोकऱ्यांच्या जाहिराती वाचल्या, नुकतीच पीएच.डी. झालेल्या मुलांशी बोललो. आपल्या घरांतून हा प्रश्न पुन्हा पुन्हा निघणार आहे, म्हणून जे कळलं ते इथे मांडतो.

या शास्त्राचं घर कुठलं?

पहिला गोंधळ इथेच होतो. 'प्लॅनेटरी सायन्स' या नावाचा विभाग फार थोड्या विद्यापीठांत आहे. टूसानच्या युनिव्हर्सिटी ऑफ ॲरिझोनाची लूनर अँड प्लॅनेटरी लॅबोरेटरी त्यातली जुनी. जेरार्ड कायपर यांनी ती १९६० साली सुरू केली, आणि बेन्नूची मोहीमही तिच्याच नेतृत्वाखाली झाली. पण ब्राऊन, एमआयटी, कॅलटेक किंवा सेंट लुईसचं वॉशिंग्टन विद्यापीठ इथे हा अभ्यास बहुतांशी पृथ्वीशास्त्राच्या छपराखाली चालतो. इतर ठिकाणी तो फिजिक्स, खगोलशास्त्र किंवा इंजिनियरिंगमध्ये सापडतो.

म्हणजे घर एक, दरवाजे अनेक. मीनाक्षी वाधवा चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात भूशास्त्र शिकल्या, सेंट लुईसला पीएच.डी. केली, आणि अशनींच्या अभ्यासात जगभर नाव कमावलं. भूशास्त्र म्हणजे 'दगडगोटे' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि दगडांचीच गोष्ट निघाली तर आपलं लोणार आठवा. बुलढाणा जिल्ह्यातल्या त्या सरोवराकाठी आपल्यापैकी कित्येक जण शाळेच्या सहलीला जाऊन डबे खाऊन आले असतील. साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर आघातानेच झालं, हे स्मिथसोनियन आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्या शास्त्रज्ञांनी १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात पुराव्यानिशी मांडलं. त्याचं मोल एवढ्यासाठी, की ते बेसाल्टमध्ये, आपल्या काळ्या कातळात आहे. चांगल्या अवस्थेत टिकलेली अशी विवरं पृथ्वीवर फारच थोडी. मंगळाचा पृष्ठभागही मुख्यत: बेसाल्टचाच. म्हणून मंगळावरच्या विवरांत काय घडलं असेल ते समजून घ्यायला अमेरिकेतले संशोधक लोणारचे दगड तपासतात.

इंजिनियर मुलांनाही दार बंद नाही. २००६ साली प्लूटोकडे निघालेल्या न्यू होरायझन्स यानावर धुळीचे कण मोजणारं एक उपकरण होतं. ते कोलोराडो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बनवलं होतं. ओसायरिस-रेक्सवरही एमआयटी आणि हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी बनवलेलं एक क्ष-किरण उपकरण होतं. वीस-बावीस वर्षांची पोरं ही! तेव्हा कॉलेज निवडताना रँकिंगच्या जोडीला एक प्रश्न जरूर विचारावा: इथे बी.एस. करणाऱ्या मुलांना प्रयोगशाळेत खरं काम मिळतं का?

खर्च कोणाचा?

आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी एम.एस. कर्ज काढून केलं. त्यामुळे पीएच.डी. म्हटलं, की आईवडिलांच्या डोळ्यांसमोर अजून पाच-सहा वर्षांची फी उभी राहते. इथेच आपली मोठी चूक होते. अमेरिकेत विज्ञानातल्या पीएच.डी.ला सहसा ट्यूशन माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो. शहर आणि विद्यापीठाप्रमाणे तो वर्षाला साधारण तीस ते चाळीस हजार डॉलर असतो. बदल्यात टी.ए. म्हणून शिकवायचं किंवा आर.ए. म्हणून संशोधन करायचं. ऐषआराम नाही, पण कर्जही नाही. आणि अर्ज थेट बी.एस. नंतर करता येतो, आधी एम.एस. लागतंच असं नाही. पैसे देऊन एम.एस. करून मग पीएच.डी.चा विचार करणारी मुलं पुष्कळदा नाहक खर्चात पडतात.

अर्ज करण्याआधी ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्या प्राध्यापकांना मुलांनी स्वत: लिहावं. "यंदा तुम्ही विद्यार्थी घेणार आहात का, आणि पैशाची तरतूद किती वर्षांची आहे?" हे विचारण्यात संकोच करू नये. आपल्याकडे गुरूला पैशाचं विचारणं वाईट दिसतं. इथे न विचारणं महागात पडतं.

आणि पुढे?

आता कडू भाग. बी.एस.ची चार वर्षं, पीएच.डी.ची पाच-सहा, त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे दोन-तीन वर्षांची तात्पुरती नेमणूक. ती एकदा किंवा दोनदा, बहुधा वेगवेगळ्या गावांत. कायमची जागा मिळाली तर तोवर पस्तिशी उजाडते. प्राध्यापकाच्या एका जागेला शंभरावर अर्ज येणं नवलाचं नाही.

प्राध्यापकी सोडली तर संशोधन संस्था आहेत: मेरीलँडमधली जॉन्स हॉपकिन्सची अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरी, बोल्डरला शाखा असलेली साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट, टूसानची प्लॅनेटरी सायन्स इन्स्टिट्यूट. कामं उत्तम. २०२२ साली डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर यान आदळवून त्याची प्रदक्षिणा सुमारे ३३ मिनिटांनी कमी करणारी डार्ट मोहीम याच अप्लाइड फिजिक्स लॅबची. पण अशा संस्थांत अनेकांचा पगार 'सॉफ्ट मनी'वर असतो. म्हणजे स्वत: प्रस्ताव लिहा, नासाकडून बहुधा तीन वर्षांचं अनुदान मिळवा, आणि त्यातून स्वत:चा पगार काढा. चार-पाच प्रस्तावांतला एखादा मंजूर होतो. दुकान चालवण्यासारखंच आहे म्हणा ना, गिऱ्हाईक मात्र एकच.

आणि ते गिऱ्हाईक सरकार आहे. कॅलिफोर्नियातल्या जेपीएलने २०२४ च्या फेब्रुवारीत ५३० आणि नोव्हेंबरमध्ये ३२५ माणसं कमी केली, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आणखी सुमारे ५५०. २०२६ च्या आर्थिक वर्षासाठी सरकारने मांडलेल्या प्रस्तावात नासाच्या विज्ञान विभागाची रक्कम जवळपास निम्म्यावर आणली होती. शेवटचा शब्द काँग्रेसचा असतो हे खरं, पण अशा बातमीने कितीतरी घरांत त्या रात्री जेवण गोड लागत नाही.

मग मुलांना अडवायचं का? मला तसं वाटत नाही, कारण हातात राहतं ते वाया जात नाही. उपग्रहांच्या प्रतिमांवर काम करणं, प्रचंड माहितीतून अर्थ काढणं, मॉडेल लिहिणं, उपकरणं जुळवणं ही कौशल्यं कंपन्यांत, हवामान आणि खाणक्षेत्रात चालतात. मी ज्यांच्याशी बोललो त्यातल्या काहींनी हे क्षेत्र सोडलं होतं. दु:ख सगळ्यांना होतं, पण बेकार कोणी नव्हतं.

उलट उशिरा येऊनही वाट सापडते. सायकी या धातूबहुल लघुग्रहाकडे २०२३ साली निघालेल्या मोहिमेच्या प्रमुख लिंडी एल्किन्स-टँटन यांनी एमआयटीतून १९८७ साली पदव्या घेतल्या, मग काही वर्षं व्यवसायात काढली, गणित शिकवलं, आणि पीएच.डी. झाली २००२ साली.

व्हिसावर आलेल्यांसाठी

इथे जन्मलेल्या मुलांना ही अडचण नाही, पण देशातून येणाऱ्या भाच्या-पुतण्यांना आहे. नासाच्या स्वत:च्या सरकारी नोकरीला नागरिकत्व लागतं. अवकाशयानाच्या तंत्रज्ञानावर निर्यातबंदीचे कडक नियम असल्याने यान बांधणाऱ्या संस्थांतल्या बहुतेक जागांना किमान ग्रीन कार्ड तरी हवं असतं. त्यामुळे यानाचं डिझाइन करायचं स्वप्न घेऊन आलेला इंजिनियर दाराशी अडतो, आणि यानाने पाठवलेल्या माहितीचा अभ्यास करणारा विद्यापीठात सुखाने काम करतो. नासाची ही माहिती प्लॅनेटरी डेटा सिस्टिमवर सगळ्या जगाला फुकट उपलब्ध आहे. विद्यापीठांना एच-१बीच्या लॉटरीतून सूट आहे, हाही एक दिलासा. तरी नियम सारखे बदलतात. निर्णय घेण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात विचारलेलं बरं.

आणि देशातच राहून हे करता येत नाही असं मुळीच नाही. अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी ही विक्रम साराभाईंनी १९४७ साली सुरू केलेली संस्था. चांद्रयान-३ च्या बग्गीवर मातीतली मूलद्रव्यं ओळखणारं उपकरण तिथलंच. चंद्र एके काळी वितळलेल्या खडकाचा समुद्र होता या कल्पनेला त्याच्या मोजणीने आधार दिला, आणि तो निबंध २०२४ साली 'नेचर'मध्ये आला. चांद्रयान-४ आणि शुक्राच्या मोहिमेला भारत सरकारने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मंजुरी दिली आहे. दोन्हीकडची माणसं एकत्रही येतात. २००८ च्या चांद्रयान-१ वर ब्राऊन विद्यापीठाच्या नेतृत्वाखालचं एक अमेरिकन उपकरण होतं. चंद्राच्या मातीत पाण्याच्या खुणा दिसल्या त्या त्यातून.

किती वर्षं थांबायचं?

या क्षेत्रात सगळ्यात मोठी अट चिकाटीची. बेन्नूच्या मोहिमेचा पहिला विचार २००४ चा, निवड २०११ ची. निवडीनंतर काही महिन्यांतच प्रमुख मायकेल ड्रेक वारले आणि दान्ते लॉरेटा यांनी सूत्रं हाती घेतली. उड्डाण २०१६ साली, माती हातात आली २०२३ साली. १२१.६ ग्रॅम, म्हणजे आपल्या चहाच्या डब्यात मावेल इतकी, आणि त्यासाठी १९ वर्षं! पण त्यातच सजीवांच्या प्रथिनांत आढळणाऱ्या २० पैकी १४ अमिनो आम्लं सापडली, हे २०२५ च्या जानेवारीत जाहीर झालं.

आता पुढचं. अमेरिकन शास्त्रज्ञांनी २०२२ साली केलेल्या दहा वर्षांच्या आराखड्यात नव्या मोठ्या मोहिमांमध्ये पहिला मान युरेनसला दिला आहे. तिथे आजवर एकच यान जवळून गेलं, १९८६ साली व्हॉयेजर-२. उड्डाण सुचवलं होतं २०३१-३२ साली, पण ते पुढे जाणार असं दिसतं. प्रवासच बारा-तेरा वर्षांचा. म्हणजे ते यान पोहोचेल तेव्हा त्याचे आकडे वाचणारी माणसं आज प्राथमिक शाळेत आहेत. कदाचित आपल्या रविवारच्या मराठी शाळेत 'क' गिरवत असतील.

माझ्या मित्राची मुलगी २०२४ साली एका स्टेट युनिव्हर्सिटीत भूशास्त्राला गेली. बाबांच्या समाधानासाठी कॉम्प्युटर सायन्स मायनर घेतलं, आणि ते उपयोगीच पडतंय असं तीच सांगते. २०२५ चा उन्हाळा तिने मंगळाच्या फोटोंवरची विवरं मोजण्यात घालवला. जितकी विवरं जास्त तितकी जमीन जुनी, हे तिने मला समजावून दिलं. तिचे बाबा मध्येच म्हणाले, "दिवसभर खड्डे मोजते, आणि त्याचे पैसे देतात हो तिला!" आवाजात तक्रार होती का कौतुक, ते मला अजून कळलेलं नाही. पण मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला त्यांनी कोणालातरी विचारलेलं मी ऐकलं, "तुम्ही लोणार पाहिलंय का हो?"

कोणाच्या घरी असा प्रश्न निघाला असेल, तर पुढच्या स्नेहसंमेलनात मला जरूर गाठा. यावेळी सल्ला देण्याआधी मी तुमच्या मुलाला काय हवंय ते विचारेन.