चूक काकूंची नव्हती, पानाची होती

आम्ही माटुंग्याहून, आमच्या बचत गटाकडून बोलतोय. आज विषय आहे वेबसाइटचा. कंटाळू नका, गोष्ट आपल्या फराळाचीच आहे.

दिवाळीच्या ऑर्डर घेण्यासाठी आम्ही मोबाइलवर उघडणारं एक पान करून घेतलं. दिसायला सुरेख. सगळ्या म्हणाल्या, "छान आहे हो!" पण ऑर्डर येईनात. लोक पान उघडायचे आणि शेवटी फोनच करायचे, "ताई, तुम्हीच लिहून घ्या." गटातल्या एका काकूंनी स्वतः करून पाहिलं. तीनदा अडकल्या आणि म्हणाल्या, "जाऊ दे, आम्हा अडाण्यांना कुठलं जमायला!" याच काकू गटाचा सारा हिशेब तोंडपाठ सांगतात. त्यांचं ते बोलणं आम्हाला फार लागलं.

आमचं माटुंगा स्टेशन मध्य रेल्वेनं 2017 साली सगळं महिला कर्मचाऱ्यांच्या हाती दिलं. तिकीट खिडकीवर आपण गोंधळलो, तर आतल्या बाईंना आपला चेहरा दिसतो. त्या विचारतात, "परतीचं हवंय का?" वेबसाइटला मात्र चेहरा दिसत नाही. म्हणून ती लोकांच्या हाती देण्याआधी कुणीतरी वापरणारीच्या शेजारी बसून बघावं लागतं. यालाच वापरसुलभतेची चाचणी म्हणतात.

जेकब नील्सन नावाचे या विषयातले जाणकार आहेत. त्यांनी 2000 साली लिहिलं, की एका वेळी पाच जणांकडून वापरून घेतलं तरी बहुतेक अडचणी कळतात. मग दुरुस्ती करायची आणि पुन्हा पाच जणांना द्यायचं. आम्हीही पाच जणी बसवल्या. "कसं वाटलं?" असं विचारलं नाही, कारण भिडेपोटी सगळ्या छानच म्हणतात. काम दिलं: "एक किलो चकली मागवा, आणि मनात येईल ते मोठ्यानं बोला." आम्ही शेजारी गप्प बसलो. सांगायला जीभ शिवशिवते, पण सांगायचं नाही! बोट कुठं थांबतं, तेवढंच वहीत टिपायचं.

काय दिसलं? ढकलगाडीचं चित्र म्हणजे खरेदीची पिशवी, हे तिघींना कळलंच नाही. टाइप करायला लागलं, की 'पुढे' हे बटण कीबोर्डखाली झाकलं जायचं. पिनकोड चुकला, की लिहिलेला सगळा पत्ता पुसला जायचा. काकू तिथंच अडकल्या होत्या! आम्ही चित्राखाली 'पिशवीत टाका' असं लिहून घेतलं, बटण वर घेतलं, आणि पत्ता पुसला जाणार नाही असं करून घेतलं. पुढच्या खेपेला काकूंनी कुणाला न विचारता ऑर्डर दिली.

माणसाची सवय ओळखून वस्तू घडवली, की ती हाताला बसते. पवईच्या आयआयटीत तयार झालेला 'स्वरचक्र' कीबोर्ड पाहा. 'क' दाबून धरला, की भोवती का, कि, की असं चक्र उघडतं. शाळेत गिरवलेली बाराखडीच ती. नवं फारसं शिकावं लागत नाही.

तुमच्या गटाचं पान असेल, तर अशी चाचणी जरूर घ्या. वही, पेन आणि एक मोबाइल पुरे. मात्र कुणाचा खरा ओटीपी किंवा पिन वापरू नका, आणि कुणाला हसू नका. आधीच सांगा, "परीक्षा पानाची आहे, तुमची नाही."

स्वतःचं पान नसलं, तरी सेवा केंद्रात एखादा अर्ज भरताना अडलात, तर "चालत नाही" एवढंच सांगून परत फिरू नका. कुठल्या रकान्यात काय लिहिलं आणि पुढं काय दिसलं, ते नेमकं सांगा. जमलं तर लिहून द्या. दुरुस्त करणाऱ्याला तेवढंच हवं असतं, आणि तुमच्या मागून येणाऱ्या बाईची खेप वाचते.