काट्याने काटा : तंबाखू सोडताना औषधाची मदत

पहाटे डोळे उघडले की चूळ भरण्याआधी ज्याचा हात उशाखालच्या बिडीच्या बंडलाकडे जातो, असे एखादे गृहस्थ आपल्या ओळखीचे असतील. कदाचित ते गृहस्थ म्हणजे आपणच असाल. त्यांनी बिडी सोडण्याचा प्रयत्न केलेला नसतो असे मुळीच नाही. पाडव्याला सोडलेली असते, पंढरीला जाऊन माळ घालताना सोडलेली असते, धाकट्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथही घेतलेली असते. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी गडी पुन्हा पारावर काडी पेटवताना दिसतो. मग घरची माणसे म्हणतात, ‘याच्यात निर्धारच नाही.’ आणि खेदाची गोष्ट अशी की, त्यालाही ते पटते.

हे म्हणणे अर्धेच खरे आहे, एवढेच आज मला सांगावयाचे आहे. मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. पण या विषयात माझा थोडा अधिकार आहे, कारण मी स्वतः पंधरा वर्षे सिगारेट ओढत होतो आणि माझे वडील जन्मभर बिडी ओढत. शेवटच्या वर्षांत त्यांना चार पावले चालले तरी धाप लागे. आमच्यापुढे ‘सोडली’ म्हणत आणि गोठ्यामागे जाऊन ओढत. धुराचा वास आम्हाला यायचा, आणि आम्हाला तो येतो हे त्यांनाही ठाऊक असायचे. आपण दुबळे आहोत, या समजुतीतच ते गेले. यावर औषध असते हे त्यांना कोणी सांगितले नाही. मलाही तेव्हा ते माहीत नव्हते.

आता मूळ गोष्टीकडे वळू. तंबाखूच्या पानात निकोटिन नावाचे द्रव्य असते. १८२८ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पोसेल्ट आणि राइमान या दोघांनी ते प्रथम वेगळे काढले. धुराचा झुरका घेतला की दहा ते वीस सेकंदांत ते मेंदूत पोहोचते. मेंदूतील पेशींवर त्याला नेमक्या बसतील अशा खोबणी असतात. निकोटिन त्या खोबणीत बसले की डोपामिन नावाचे रसायन सुटते आणि माणसाला बरे वाटते, हुशारी वाटते. पण हे सुख टिकाऊ नसते. सुमारे दोन तासांत रक्तातील निकोटिन निम्म्यावर येते. खोबणी रिकाम्या पडू लागतात आणि मागणी करू लागतात. यालाच आपण तलफ म्हणतो. आणखी एक गोष्ट अशी की, वर्षानुवर्षे ओढणाऱ्याच्या मेंदूत या खोबणींची संख्याच वाढलेली असते. खाणारी तोंडे वाढावीत आणि दाणा एकदम बंद व्हावा, तसा हा प्रकार आहे.

म्हणून बिडी सोडली की चिडचिड होते, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही, भूक वाढते, जीव कासावीस होतो. हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत पुष्कळ ओसरतो. शपथ मोडते ती बहुतेक याच काळात. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिली बिडी लागते, त्याची गरज मोठी आहे असे समजावे. हा अवगुण नव्हे, शरीराला जडलेली सवय आहे. तापाने फणफणलेल्या माणसाला आपण ‘निर्धार कर’ म्हणत नाही, औषध देतो. इथेही तेच करावयाचे आहे.

आता औषधे कोणती, ते पाहू. पहिला मार्ग काट्याने काटा काढण्याचा. कर्करोग, हृदयविकार आणि दमा-खोकला यांचे मुख्य कारण निकोटिन नव्हे. ते आहे धुरातले डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर विषारी द्रव्ये. निकोटिन आपल्याला बांधून ठेवते, मारतो तो धूर. मग धुराशिवाय थोडेसे निकोटिन देऊन तलफ शमवली आणि ते हळूहळू कमी करत नेले तर? हा विचार स्वीडनमध्ये पुढे आला. पाणबुडीवरच्या खलाशांना आत धूर करता येत नाही, ते तंबाखू चघळून वेळ भागवतात, हे तिथल्या एका शास्त्रज्ञाने पाहिले होते. त्यावरून १९६७ पासून ओव्हे फेर्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकोटिनची चघळायची गोळी, म्हणजे गम, तयार करण्यास सुरुवात केली. १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये तिला प्रथम मान्यता मिळाली. आपल्याकडेही ती औषधाच्या दुकानात मिळते.

मात्र ही गोळी चघळण्याची रीत आहे. ती न कळल्याने पुष्कळ लोक ‘याने काही होत नाही’ म्हणून फेकून देतात. साध्या च्युइंगमसारखी ती सतत चावू नये. सावकाश चावावी. तिखट चव आली, झिणझिणले, की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यावी. चव गेली की पुन्हा थोडी चावावी. असे अर्धा तास करावे. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जाते. भराभर चावून गिळले तर पोटात जळजळ होते आणि तलफ तशीच राहते. गोळी घेण्याआधी पंधरा मिनिटे आणि ती तोंडात असताना चहा, कॉफी किंवा आंबट पेय घेऊ नये.

दुसरा प्रकार पट्टीचा. दंडावर किंवा छातीवर, कोरड्या व केस नसलेल्या जागी ती चिकटवतात. दिवसभर तिच्यातून थोडे थोडे निकोटिन त्वचेवाटे आत जाते. रोज नवी पट्टी, रोज नवी जागा. पट्टीने दिवसभराची भूक भागते आणि मधेच उसळणारी तलफ गोळीने शमते. म्हणून एकट्या कशापेक्षाही दोन्ही मिळून गुण अधिक येतो, असे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. हा क्रम दोन-तीन महिने चालवावा लागतो. आठ दिवसांत बरे वाटले म्हणून औषध सोडणे ही सर्वांत मोठी चूक.

दुसरा मार्ग पोटात घ्यायच्या गोळ्यांचा. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. व्हॅरेनिक्लिन नावाचे औषध २००६ साली आले. त्याचे काम समजून घ्यायला एसटी स्टँड डोळ्यापुढे आणा. गाडी लागली की आपण खिडकीतून आसनावर रुमाल टाकतो. मग दुसरा माणूस आत शिरला तरी त्याला बसायला जागा नाही. व्हॅरेनिक्लिन मेंदूतल्या खोबणींवर असाच रुमाल टाकते. ते स्वतः थोडेसे डोपामिन सोडवते, त्यामुळे तलफ कमी होते. आणि वर कोणी बिडी ओढलीच तर निकोटिनला जागा मिळत नाही आणि झुरक्यात गोडी राहत नाही. ही गोळी सुरू करून सुमारे एक आठवड्यानंतरचा दिवस बिडी सोडण्यासाठी ठरवतात. मळमळ आणि विचित्र स्वप्ने हे तिचे त्रास. ती मन बिघडवते अशी भीती पूर्वी होती. पण आठ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तसे आढळले नाही. या औषधाची कल्पना सिटिसिन या वनस्पतिजन्य द्रव्यावरून सुचली. सिटिसिनच्या गोळ्या बल्गेरियात १९६४ पासूनच वापरात होत्या. ब्युप्रोपिऑन नावाचे आणखी एक औषध आहे. ते मूळचे उदासीनतेवरचे. फेफरे येणाऱ्यांना ते देत नाहीत.

आता औषधाची थोरवी जेवढी आहे तेवढीच सांगितली पाहिजे. ज्यांनी कोणाचीही मदत न घेता बिडी सोडली, अशा शंभरातले तीन ते पाचजणच वर्षभर टिकतात. निकोटिनच्या गोळीने किंवा पट्टीने ही शक्यता दीडपट होते, व्हॅरेनिक्लिनने दुपटीहून अधिक. म्हणजे औषध घेऊनही पहिल्या खेपेस पुष्कळजण घसरतात. घसरलो म्हणजे संपले नाही. पुन्हा दिवस ठरवावा, पुन्हा सुरुवात करावी. मी स्वतः चौथ्या खेपेस सुटलो, आणि तेही डॉक्टरांकडे जाण्याची लाज सोडली तेव्हा.

औषध शरीराची मागणी शमवते, हाताची सवय मोडत नाही. चहाबरोबरची सिगारेट, बांधावर बसून ओढलेली बिडी, जेवणानंतरची चिमूट, या सवयींशी आपल्यालाच झुंजावे लागते. काही दिवस चहाची जागा बदला. घरातली काडेपेटी आणि चंची बाहेर काढा. मित्रांना सांगून ठेवा की ‘मला देऊ नका’. तलफ आली की घड्याळाकडे पाहा. पाच-दहा मिनिटांत ती लाट ओसरते. तोवर पाणी प्या, बडीशेप चघळा, चालायला लागा.

आपल्या राज्यात एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील दर शंभर माणसांत सुमारे सत्तावीसजण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारे आढळले. त्यांतले धूर ओढणारे चारच्या आसपास; बाकीची बहुतेक मंडळी तंबाखू-चुना मळणारी आणि मिश्री लावणारी. ‘आम्ही कुठे ओढतो?’ असे मिश्री लावणाऱ्या मावशी म्हणतात. पण तीही तंबाखूच, आणि तिच्यातही निकोटिन आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात धूरविरहित तंबाखू सोडणाऱ्यांसाठीही निकोटिनची भरपाई आणि व्हॅरेनिक्लिन हे उपाय सांगितले आहेत.

गरोदर स्त्रिया, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आणि अठरा वर्षांखालील मुले यांनी यातले कोणतेही औषध मनाने घेऊ नये. मधुमेहाचे किंवा दम्याचे औषध चालू असेल तर बिडी सोडताना डॉक्टरांना जरूर सांगावे, कारण त्या औषधांचे प्रमाण बदलावे लागू शकते. विजेच्या सिगारेटच्या नादी लागू नये. तिच्या विक्रीवर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे.

शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे, हे गावाला सांगाच. पण त्याबरोबर मुलांपुढे त्यांच्या बापाची निंदा करू नका. ‘बाबांना सांग, यावर औषध असते’, एवढे एक वाक्य मुलाच्या हाती घरी पाठवा. केंद्र सरकारची १८०० ११ २३५६ ही दूरध्वनी सेवा २०१६ पासून चालू आहे. ती विनामूल्य आहे. हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही विचारावे.

आणि उशीर झाला असे कोणी म्हणू नये. ब्रिटिश डॉक्टरांची पन्नास वर्षे पाहणी करून रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवून दिले की, तिसाव्या वर्षी धूम्रपान सोडणाऱ्याचे सुमारे दहा वर्षांचे आयुष्य वाचते, चाळिसाव्या वर्षी सोडल्यास नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा आणि साठाव्या वर्षीही तीन. साठीच्या माणसाला तीन वर्षे म्हणजे काय, हे नातवंडांना विचारावे. आपल्या घरात गोठ्यामागे जाऊन ओढणारे कोणी असेल, तर त्याला रागे भरू नका. त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चाला.