अंबाजोगाईचे स्वामीजी आणि त्यांच्या आठवणी

अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज सगळ्या बीड जिल्ह्याला माहीत आहे. पण ज्यांच्या नावानं ते उभं आहे, त्या स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी किती जणांनी वाचल्यात?

सिंदगीत १९०३ साली जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर १९३२ मध्ये संन्यास घेतात. घर सुटतं, नावही सुटतं. पण हा संन्यासी हिमालयात जात नाही. हिप्परग्यात आणि पुढं अंबाजोगाईच्या, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादच्या, योगेश्वरी शाळेत मुलं घडवतो. १९३८ मध्ये निजामाविरुद्धच्या लढ्यासाठी तीही सोडतो. मग तुरुंग, सुटका, पुन्हा तुरुंग. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, म्हणजे निजामाची राजवट संपेपर्यंत.

या लढ्याच्या आठवणींचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९६७ मध्ये आलं. आपण ते इतिहास म्हणून चाळतो. माझ्या मते ते आत्मशोधाचं पुस्तक म्हणूनही वाचायला हवं. इतकं सोडल्यावर माणूस रिकामा होत नाही, उलट त्याला स्वतःचं काम सापडतं, हे इथं तारखांसकट दिसतं. आपल्याकडच्या शिक्षकांनी तर ते वाचावंच.

यंदा १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, झेंडावंदन झालं की गावातल्या वाचनालयात हे पुस्तक मागा. नसेल तर मागवायला लावा.