नाव एकीकडे, गाडी दुसरीकडे

२९ जानेवारी २०१६ ला इंग्लंडमधल्या सॉलिहलच्या कारखान्यातून लँड रोव्हरची शेवटची जुनी डिफेंडर बाहेर पडली. आखूड चासीची, कापडी हूडची गाडी, क्रमांक २०,१६,९३३. गिऱ्हाईक संपलं म्हणून ती बंद झाली असं मात्र नव्हे. उलट बंद होणार अशी कुणकुण लागल्यावर मागणी इतकी वाढली की डिसेंबरात थांबायचं ते काम जानेवारीअखेरपर्यंत लांबलं. महिनाभर आधीच या घराण्यातली वीस लाखावी गाडी लंडनच्या लिलावात ४ लाख पौंडांना गेली होती. आणि ही सगळी मालमत्ता आपल्या मुंबईची. २००८ साली टाटा मोटर्सने जग्वार आणि लँड रोव्हर फोर्डकडून २३० कोटी डॉलरना घेतल्या, तेव्हापासून या गाडीचं जगणं-मरण अखेर टाटांच्या मुख्यालयाच्या, बॉम्बे हाउसच्या हिशेबात येत होतं.

सप्टेंबर २०१९ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटर शोमध्ये डिफेंडर परत आली. नाव तेच, बाकी बहुतेक सगळं वेगळं. त्याच सुमारास रसायनांच्या धंद्यातला एक अब्जाधीश जुनी गाडी तिच्या नावाशिवाय नव्याने घडवायच्या खटपटीत होता. बंद पडलेल्या रांगड्या गाड्या पुन्हा बाजारात आणायची जी लाट सध्या जगभर आहे, तिच्यातलं खरं भांडण या वाटणीत दिसतं. थोरल्या पातीला नाव मिळालं, धाकटीला यंत्र.

मुळात ही गाडी म्हणजे वेळ मारून नेण्यासाठी केलेली सोय होती. रोव्हर कंपनी युद्धाआधी सभ्य, शांत, महागड्या मोटारी बनवायची. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनमध्ये पोलाद रेशनवर होतं आणि जो माल परदेशी विकेल त्याला ते आधी मिळे. कंपनीचे मुख्य इंजिनिअर मॉरिस विल्क्स यांची वेल्समधल्या अँगलसी बेटावर शेती होती, तिथे ते अमेरिकन सैन्याची जुनी विलीज जीप राबवत. ती मोडली तर पुढे काय घ्यायचं, या साध्या अडचणीतून १९४७ मध्ये त्यांना नव्या गाडीची कल्पना सुचली. रेड वॉर्फ बेच्या किनाऱ्यावर वाळूत रेघा ओढून त्यांनी ती आपले बंधू आणि कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक स्पेन्सर विल्क्स यांना समजावली, असं सांगतात. पहिला नमुना तर जीपच्याच चासीवर उभा राहिला. त्याचं स्टिअरिंग ट्रॅक्टरसारखं मधोमध होतं. पण ते काही टिकलं नाही. ३० एप्रिल १९४८ ला ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर जगापुढे आली.

पुढे ज्या रूपावर लोक जीव टाकू लागले, ते निव्वळ टंचाईतून आलं. पोलाद नाही, म्हणून अंगाला ॲल्युमिनियमचा पत्रा. पत्रा दाबून गोलाई आणायचे महागडे साचे परवडत नव्हते, म्हणून सपाट फलक आणि हाताने वाकवता येतील अशा कडा. लष्करी विमानांसाठी केलेला हिरवा रंग उरला होता, म्हणून पहिल्या गाड्या हिरव्या. चासीसुद्धा पोलादाच्या पट्ट्या जोडून केलेली चौकोनी पेटी. मागे शक्ती बाहेर काढायचा दांडा, त्यावर कुट्टीयंत्र लावा नाही तर करवत. शेतकऱ्याला विकायचं अवजार होतं ते, चार चाकांवर फिरणारं. त्या सपाट दारांना आज ‘कॅरेक्टर’ म्हणतात, पण तेव्हा रोव्हरच्या माणसांना तो शब्द सुचलाही नसता.

या यंत्राची खुबी त्याच्या पोटात होती. पुढे-मागे दोन सरळ, अखंड ॲक्सल. एक चाक दगडावर चढलं की तोच ॲक्सल दुसऱ्या बाजूचं चाक खाली दाबतो, म्हणून चाकं जमीन सोडत नाहीत. आणि मधला डिफरन्शिअलचा गोळा ॲक्सलबरोबरच वर जात असल्यामुळे खालच्या खडकाला टेकत नाही. मुख्य गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक छोटी पेटी. तिच्यातला लो गिअर टाकला की गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू, पण बैलाच्या जिद्दीने वर चढते. १९८३ पासून पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंगा आल्या आणि चारही चाकांना कायम ताकद मिळू लागली. ‘डिफेंडर’ हे नाव त्यानंतरचं, १९९० सालचं. आदल्या वर्षी डिस्कव्हरी बाजारात आल्यामुळे जुनीला ओळखायला काहीतरी वेगळं नाव द्यावं लागलं, एवढंच त्यामागचं कारण.

हे यंत्र किती टिकतं ते बघायला इंग्लंडला जायची गरज नाही. संदकफूचा ट्रेक महाराष्ट्रातल्या ट्रेकर मंडळींच्या यादीत बहुधा असतोच. दार्जिलिंगजवळच्या मानेभंजांगहून ३,६३६ मीटर उंचीच्या संदकफूपर्यंत सुमारे ३१ किलोमीटरचा रस्ता आहे, आणि त्यावर गेली कित्येक दशकं पन्नासच्या दशकातल्या लँड रोव्हर माणसं आणि सामान वाहत आल्या आहेत. चहाच्या मळ्यांसाठी आलेल्या या गाड्या पुढे स्थानिक मालकांच्या हाती गेल्या. अनेकींची मूळ पेट्रोल इंजिनं केव्हाच गेली, त्यांच्या जागी देशी डिझेल इंजिनं बसली. मूळ सुटा भाग मिळत नाही तिथे मेकॅनिक हाताने घडवतो किंवा दुसऱ्या गाडीचा ठोकून बसवतो. आतून काही उघडंच दिसतं, काही तारेने बांधलेलं असतं. पायी निघालेल्यांना धापा टाकत कडेला उभं करून ही सत्तरीतली गाडी धूर सोडत वर जाते. यंत्राची ही कीर्ती कुठल्याही जाहिरातदाराला फुकट मिळाल्यासारखी आहे.

आता दोषांबद्दलही बोलू, कारण प्रेमात पडलेले लोक ते हसत हसत सांगतात. ड्रायव्हरची जागा दाराला इतकी चिकटून, की कोपर खिडकीबाहेर ठेवल्याशिवाय सुख नाही. पावसाचं पाणी आत यायचं. दारं आणि अंगाच्या मधल्या फटी सरळ नसायच्या. आणि एअरबॅग? शेवटच्या दिवसापर्यंत एकही नव्हती. अमेरिकेतून तर १९९७ नंतर ती त्यामुळेच बाहेर पडली, तिथल्या नव्या सुरक्षा नियमांत तिला बसवणं शक्य नव्हतं. युरोपात धुराचे नियम दर काही वर्षांनी कडक होत होते, पादचाऱ्याला धडक बसली तर काय याचे निकष येत होते. १९४८ चा ढाचा त्यात बसवायचा तर तो मुळापासून बदलावा लागला असता, आणि तसा बदलल्यावर ती जुनी गाडी उरली नसती. शिवाय बांधणीत हातकाम भरपूर आणि खप बेताचा. बंद करण्याच्या निर्णयात भावनेला फारशी जागा नव्हती, आणि मला तो निर्णय बरोबरच वाटतो.

पुढचा पेच मात्र अवघड होता. २०११ मध्ये कंपनीने डीसी१०० नावाचा एक गुळगुळीत नमुना दाखवला होता. चाहत्यांनी त्यावर इतकी राळ उडवली की तो गुंडाळूनच ठेवावा लागला. २०१९ ची गाडी जेरी मॅकगव्हर्न यांच्या डिझाइन विभागाने जास्त हुशारीने काढली. छताच्या कडेला जुन्यासारख्या अरुंद खिडक्या, बाजूला उघडणारं मागचं दार, त्यावर लटकलेली स्टेपनी, पुढे-मागे कापल्यासारखं आखूड अंग. ओळख पटायला एवढं पुरलं. आत मात्र शिडीसारखी चासी गेली, अखंड ॲक्सल गेले. सगळं अंग एकसंध ॲल्युमिनियमचं, चाकं स्वतंत्रपणे हलणारी, आणि बऱ्याच गाड्यांत स्प्रिंगांच्या जागी हवेचे फुगे. बांधायची जागाही सॉलिहल नाही, स्लोव्हाकियातलं नित्रा. गंमत अशी की जुन्या ॲक्सलचा तो गुण, एक चाक वर तर दुसरं खाली, तो आता फुगे एकमेकांशी जोडून साधला जातो. जे काम एका पोलादी दांड्याकडून फुकट होत होतं, त्यासाठी आता सेन्सर आणि कॉम्प्युटर बसवलेत.

पण गाडी कामाची नाही असं कोणी म्हणू नये. जुनी ५०० मिलिमीटर पाण्यातून जायची, नवी ९०० मधून जाते. चिखल, वाळू, खडक, सगळीकडे अननुभवी माणसालाही ती सांभाळून नेते. खपही दणदणीत आहे. एका आर्थिक वर्षात लाखाच्या वर डिफेंडर विकल्या गेल्या आणि कंपनीच्या सगळ्या गाड्यांमध्ये ती पहिल्या नंबरावर आली. भारतात २०२० मध्ये ती पाऊण कोटीच्या घरात उतरली. शेतकऱ्याचं अवजार म्हणून जन्मलेली ही गाडी आता आपल्याकडे नेत्यांच्या आणि बिल्डरांच्या ताफ्यात जास्त दिसते. स्टेपनीसकट चिखलात गेलेली मात्र क्वचितच.

दुसऱ्या पातीची गोष्ट लंडनच्या बेलग्रेव्हिया भागातल्या ‘द ग्रेनेडियर’ नावाच्या पबमध्ये सुरू होते. इनिऑस या रसायन समूहाचे प्रमुख जिम रॅटक्लिफ यांना जुनी डिफेंडर गेल्याचं फार लागलं. तिचे साचे विकत मिळतात का ते त्यांनी पाहिलं, ते मिळाले नाहीत. मग स्वतःच गाडी करायचं ठरलं आणि तिला पबचंच नाव दिलं. शिडीसारखी चासी, ट्रॅक्टरचे भाग बनवणाऱ्या इटलीच्या कारारो कंपनीचे अखंड ॲक्सल, बीएमडब्ल्यूचं सहा सिलिंडरचं इंजिन. दिसायला जुन्या डिफेंडरची सख्खी बहीणच. लँड रोव्हरने जुन्या गाडीच्या आकारावरच ट्रेडमार्क मागितला. ब्रिटनच्या ट्रेडमार्क कार्यालयाने तो नाकारला आणि ऑगस्ट २०२० मध्ये तिथल्या हायकोर्टानेही कंपनीचं अपील फेटाळलं. जाणकाराला जे बारकावे महत्त्वाचे वाटतात, ते सामान्य गिऱ्हाइकाच्या लक्षातही येणार नाहीत, असा त्या निकालामागचा विचार. म्हणजे जो आकार कंपनी आपल्या वारशाचं सर्वस्व म्हणून मिरवत होती, त्यावर कायद्याने तिला मालकी मिळाली नाही.

पण यंत्र हाती असलं तरी गाडी चालवणं सोपं नसतं. ग्रेनेडियर वेल्समध्ये बांधायची म्हणून मोठा गाजावाजा झाला, आणि मग रॅटक्लिफनी २०२० अखेर फ्रान्समधल्या आंबाखचा स्मार्ट गाड्यांचा तयार कारखाना डाइमलरकडून घेतला. ब्रेक्झिटचा कैवार घेतलेल्या माणसाने ब्रिटिश अस्मितेची गाडी फ्रान्समध्ये बांधावी, यावर तिकडच्या वर्तमानपत्रांनी काय लिहिलं असेल याची कल्पना करता येते. २०२४ मध्ये आसनं पुरवणारी रेकारो दिवाळखोरीत गेली आणि आसनांवाचून काही महिने काम बंद पडलं. चासी तयार, ॲक्सल तयार, बसायलाच काही नाही. मोठ्या कंपनीने असा धक्का दुसऱ्या मॉडेलवर निभावून नेला असता. एकाच ढाच्यावर उभ्या कारखान्याला ती सोय नसते.

अमेरिकेत फोर्डने मधला मार्ग काढला. १९६६ च्या मॉडेल वर्षापासून चालत आलेली ब्रॉन्को १९९६ मध्ये बंद झाली होती. लोकांना ती आठवत होती ती १९९४ मध्ये खुनाचा आरोप असलेला माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन याच्यामागे पोलिस लागले त्या पांढऱ्या गाडीमुळे. जुलै २०२० मध्ये नवी दाखवताना फोर्डने शिडीसारखी चासी ठेवली, मागचा अखंड ॲक्सल ठेवला, दारं आणि छत काढून ठेवायची सोयही दिली. नाव आणि यंत्र दोन्ही बऱ्यापैकी एकत्र. पण जीपच्या रँग्लरने ती बाजारपेठ जिवंत ठेवलेली होती म्हणून हे जमलं, असं माझं मत आहे.

आणि आपली सिएरा. १९९१ मध्ये पुण्याच्या टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, ट्रकमधून बाहेर पडत तीन दारांची ही गाडी काढली, एका पिकअपच्या ढाच्यावर. मागच्या बाजूची भलीमोठी काच वर वळून छतात शिरलेली, आणि ती उघडायची नाही. मागे बसायचं तर पुढचं आसन दुमडून वाकून आत शिरा, आणि मे महिन्यात त्या काचेतून येणारं ऊन खा. पण एसी, पॉवर विंडो आणि हवी असल्यास फोर बाय फोर, हे तेव्हाच्या मध्यमवर्गाला स्वप्नवत होतं. खपली मात्र बेताचीच. घरच्या दहा माणसांना सुमो सोयीची, आणि ती १९९४ मध्ये आलीच. ज्यांनी सिएरा कधी घेतली नाही, तेच आज तिच्या आठवणीने हळवे होतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती ११.४९ लाखांपासून परत आली, आता साणंदला बांधलेली. मागे दोन दारं आली, हे चांगलंच झालं. पण ती वळलेली काच आता बव्हंशी काळ्या चकाकीचा भास आहे, आणि बाजारात उतरली तेव्हा ताकद फक्त पुढच्या चाकांना होती. लोणावळ्याला जायला एवढं पुरतं, हे टाटांना नीट माहीत आहे.

जुनीच गाडी हवी असणाऱ्यांचीही लँड रोव्हरने सोय केली आहे. बंद केल्यावर दोनच वर्षांनी, २०१८ मध्ये, कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या विभागाने वापरलेल्या डिफेंडर परत विकत घेतल्या, त्यांत ४०५ अश्वशक्तीचं आठ सिलिंडरचं इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअर बसवले, आणि अशा १५० गाड्या दीड लाख पौंडांपासून पुढे विकल्या. मूळची नोंदणी जुनीच असल्यामुळे नव्या गाड्यांचे नियम त्यांना लागू झाले नाहीत. एअरबॅग त्यांतही नाहीत.