विषाणू, बालकर्करोग आणि ‘-मुळे’ हे अव्यय

‘विषाणूमुळे लहान मुलांना कर्करोग होतो’ अशा आशयाचे विधान वृत्तपत्रांतून अधूनमधून वाचावयास मिळते. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र. वैद्यकातील अधिकार त्याला नाही. परंतु या वाक्याचा सारा भार ‘-मुळे’ या शब्दयोगी अव्ययावर आहे, आणि तो अव्ययास पेलतो काय, हे पाहणे त्याच्या कक्षेबाहेरचे नव्हे. आजारी मुलाच्या आईने हे वाक्य वाचले, तर इतर भावंडांना त्याच्याजवळ बसू द्यावे की नाही, अशी शंका तिच्या मनात येणे स्वाभाविक आहे. वस्तुतः कर्करोग हा संसर्गाने पसरणारा रोग नव्हे.

प्रकृती आणि प्रत्यय यांपैकी कोणता अर्थ कोणाचा, हे ठरविताना आपले वैयाकरण अन्वय आणि व्यतिरेक यांची कसोटी लावीत आले आहेत. एक असता दुसरे असते, हा अन्वय. एक नसता दुसरेही नसते, हा व्यतिरेक. हीच कसोटी येथे लावून पाहू.

1957 साली युगांडातील कंपाला येथे मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट या आयरिश शल्यवैद्याने जबड्याच्या चारही भागांत गाठी असलेला एक पाच वर्षांचा मुलगा पाहिला. अशा अर्बुदांचे वर्णन त्याने 1958 साली प्रसिद्ध केले. पुढे 1961 मध्ये दोघा सहकाऱ्यांसह सुमारे 10,000 मैलांचा मोटारप्रवास करून हा रोग कोठे आढळतो आणि कोठे नाही, याची त्याने नोंद केली. उष्ण व पावसाळी सखल प्रदेशांत तो होता. थंड उंच पठारांवर नव्हता. यावरून एखादा कीटक विषाणू वाहून नेत असावा, असा तर्क निघाला.

त्याच वर्षी लंडनमध्ये बर्किटचे व्याख्यान ऐकून अँथनी एप्स्टाइन यांनी अर्बुदाचे नमुने मागविण्यास आरंभ केला. डिसेंबर 1963 मध्ये धुक्यामुळे एक विमान मँचेस्टरला वळले. (हे ‘-मुळे’ मात्र निर्विवाद!) नमुना उशिरा हाती आला, तेव्हा त्यातील द्रव गढूळ झाला होता. जंतू शिरले असावेत असे प्रथम वाटले. पाहतात तो त्यात अर्बुदाच्या जिवंत पेशी तरंगत होत्या. त्या प्रयोगशाळेत वाढविता आल्या, आणि 1964 मध्ये एप्स्टाइन, अचाँग व बार यांना त्यांत एक नवा विषाणू दिसला.

अन्वय सापडला. आफ्रिकेतील या अर्बुदांत तो जवळजवळ नेहमीच आढळतो. पुढे युगांडातील वेस्ट नाइल भागात सुमारे 42,000 मुलांचे रक्त आधीच घेऊन ठेवण्यात आले. ज्यांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे फार होती, त्यांना अर्बुदाचा धोका सुमारे तीसपट असल्याचे 1978 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे विषाणू अर्बुदाच्या पूर्वीचा. मागाहून शिरलेला पाहुणा नव्हे.

तथापि जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांना हा विषाणू होऊन गेलेला असतो आणि बहुतेकांना काहीही होत नाही. उलट आफ्रिकेबाहेरील याच जातीच्या अनेक अर्बुदांत तो सापडत नाही. व्यतिरेक ढळला. कीटकाचा तर्कही निराळ्याच रीतीने खरा ठरला: विषाणू लाळेतून पसरतो, डास वाहतो तो हिवताप. वारंवारच्या हिवतापाने प्रतिकारशक्ती क्षीण होते, विषाणूग्रस्त पेशी वाढतात, आणि त्यांतील एखादीत आठव्या गुणसूत्राचा तुकडा बहुधा चौदाव्यास जोडला जाऊन पेशीच्या वाढीचा लगाम सुटतो. नैयायिकांच्या परिभाषेत विषाणू हे येथे सहकारी कारण होय.

व्यतिरेकाचे स्वच्छ उदाहरण हवे असल्यास तैवानकडे वळावे लागते. तेथे 1984 पासून नवजात बालकांना हिपॅटायटिस बीची लस देण्यात येऊ लागली. 6 ते 14 वर्षांच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण 1981–86 मध्ये लाखात 0.70 होते, ते 1990–94 मध्ये 0.36 वर आले. येथे ‘-मुळे’ म्हणण्यास फारसा संकोच नको.

मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या रक्तकर्करोगाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या नेहमीच्या प्रकारात असा कोणताही विशिष्ट विषाणू सिद्ध झालेला नाही. मेल ग्रीव्ह्ज यांचे मत असे, की जन्मापूर्वी पेशीत एक बदल घडलेला असतो. शैशवात साध्या संसर्गांची सवय न झालेल्या मुलाच्या शरीरात पुढे एखादा सामान्य संसर्ग दुसऱ्या बदलास निमित्त होतो. या मतास विषाणूसिद्धान्त म्हणणे चुकीचे ठरेल. त्यात दोष संसर्गाच्या उशिरास आहे, एखाद्या विषाणूस नाही.