कॅसेटींतील आवाज आणि अंकांतील आवाज

पनवेलसारख्या गांवांतील जुन्या घरांत माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली, तर तींत कपड्यांखालीं हमखास कांहीं कॅसेटी सांपडतात. कोणाच्या मुंजींतलीं मंगलाष्टकें, कोणा आजींच्या जात्यावरच्या ओव्या, देवळांतलें एखादें कीर्तन, परदेशीं गेलेल्या मुलासाठीं वडिलांनीं बोलून पाठविलेला खुशालीचा मजकूर. ही कॅसेट फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं काढली. तींत ज्यांचे आवाज आहेत त्यांपैकीं पुष्कळ माणसें आतां नाहींत, आणि खाडीकाठच्या दमट हवेंत पट्ट्यांनाही बुरशी लागत चालली आहे. 'डिजिटल करून घ्या' असें तरुण मंडळी सांगतात; परंतु त्यानें काय वांचतें आणि काय नव्यानें धोक्यांत येतें, हें वडीलधाऱ्यांस सहसा कोणी उलगडून सांगत नाहीं.

मनुष्याचा आवाज म्हणजे हवेच्या दाबांतील चढउतार. मायक्रोफोन त्याचा विजेच्या दाबांतील चढउतार करतो, आणि पट्टीवरील लोखंडाच्या ऑक्साइडच्या बारीक पुडींत तोच चढउतार कमीअधिक चुंबकत्वाच्या रूपानें उमटतो. मूळ जसें हलेल तसें प्रतिबिंब हलतें. मध्यें कोठें खंड नाहीं, पायरी नाहीं. यास ॲनलॉग म्हणजे अनुरूप संकेत म्हणतात. मुळास साक्षात् अनुसरणें हा याचा गुण, आणि दोषही तोच. पट्टी सेकंदाला सुमारें पावणेपांच सेंटिमीटर सरकते. तो वेग किंचित् ढळला कीं आजींचा स्वर ढळतो. पुडीच्या कणांची खरखर, मोटरीची घरघर हीं सर्व त्याच चढउतारांत मिसळतात, आणि एकदां मिसळल्यावर त्यांना पुरतें वेगळें काढणें अशक्यच. कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी उतरली कीं पिढीगणिक खरखर वाढते.

पोथीचें तसें नाहीं. लेखकाचें अक्षर वेडेंवांकडें असो, शाई पसरलेली असो. पुढच्या लेखकास 'हा म आहे' एवढें ओळखतां आलें कीं तो आपल्या पानावर स्वच्छ 'म' काढतो. मागचा डाग पुढें उतरत नाहीं, कारण चिन्हें ठरलेलीं आणि मोजकीं, सुमारें पन्नास, आणि डागाळलेलें अक्षर त्यांपैकींच एक असलें पाहिजे. चित्राची नक्कल करणाऱ्यास हा आधार नसतो. ज्ञानेश्वरीचे शब्द सातशेंहून अधिक वर्षें टिकले. ज्ञानेश्वरांचा आवाज कोठेंच नाहीं. डिजिटल म्हणजे अंकीय संकेताचें मर्म हेंच कीं, आवाजसुद्धां पोथीप्रमाणें ठरलेल्या चिन्हांत लिहावयाचा. चिन्हें मात्र पन्नास नव्हेत, दोनच: एक आणि शून्य.

दोन चिन्हांनीं एवढें काम कसें होतें, याचें नवल छंदःशास्त्र शिकलेल्यांस वाटूं नये. पिंगलाचार्यांनीं लघु आणि गुरु या दोहोंचाच प्रस्तार मांडला आहे. एका स्थानीं दोन भेद, दोन स्थानीं चार, तीन स्थानीं आठ. तेच आपले य, म, त, र, ज, भ, न, स हे गण. असेंच वाढवीत गेलें म्हणजे सोळा स्थानांचे ६५,५३६ भेद होतात. (यावरून पिंगलांस संगणक ठाऊक होता असें म्हणणारेही भेटतात, त्यांना हात जोडावे.) १९८२ सालीं निघालेल्या सीडींत हेंच प्रमाण आहे. सेकंदांत ४४,१०० वेळां आवाजाची उंची मोजावयाची, आणि ती ६५,५३६ पैकीं कोणत्या पायरीवर आहे तें दरवेळीं सोळा एक-शून्यांनीं लिहावयाचें.

येथें गाण्याचे दर्दी हटकतात. दोन पट्ट्यांमधली मींड पेटींत निघत नाहीं, या आक्षेपावरून ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीवर बंदी घातली होती. ती १९७१ सालीं सैल झाली. मग मोजणीच्या पायऱ्यांमधली मींडही अशीच सुटत असेल, नाहीं का? तर नाहीं. आवाजांतील सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळां मोजलें, तर दोन मोजण्यांमधली रेषा यंत्रास बरोबर भरून काढतां येते; याची सिद्धता क्लॉड शॅननच्या १९४९ च्या निबंधांत आहे. मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारें वीस हजार कंपनांपलीकडचें ऐकूं येत नाहीं. साठी उलटल्यावर तर त्याहून पुष्कळच कमी. म्हणून ४४,१०० पुरेसे. उंची जवळच्या पायरीवर बसवितांना जी चूक राहते ती कॅसेटच्या खरखरीहून कितीतरी बारीक असते. एमपी३ ची गोष्ट निराळी. तींत जागा वांचविण्यासाठीं, कानास जाणवणार नाहीं असें मानलेला भाग टाकून दिलेला असतो. मूळ प्रत त्या रूपांत ठेवूं नये.

अंकीय पद्धतीचा खरा धोका दुसरीकडे आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. पूर्वीं वरळीहून येणारा संकेत क्षीण झाला तर चित्रांत मुंग्या दिसत, पण बातम्या देणारा ओळखूं येई. आतां आषाढांत पावसाची जोराची सर आली कीं छत्रीवरून येणाऱ्या चित्राचे चौकोन होतात, आणि लगेच कांहींच नाहीं. अंकीय संकेत पुष्कळ वेळपर्यंत निर्दोष असतो आणि मग एकाएकीं नाहींसा होतो. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबानें बावीस कॅसेटी उतरवून एकाच हार्ड डिस्कवर ठेवल्या आणि पट्ट्या रद्दींत दिल्या. पुढें डिस्क हातांतून पडली. बुरसलेल्या पट्टींतून वडिलांचा आवाज निदान घोगरा तरी आला असता.

वैदिकांनीं ही भीति फार पूर्वीं ओळखली होती. केवळ संहिता मुखोद्गत करून ते थांबले नाहींत. क्रमपाठांत पहिलें-दुसरें, दुसरें-तिसरें अशीं पदें जोडावयाचीं. जटेंत पहिलें-दुसरें, दुसरें-पहिलें, पुन्हां पहिलें-दुसरें. एका पाठांत चुकलेलें पद दुसऱ्या पाठांत अडखळतें. सीडींतही आवाजाच्या अंकांबरोबर पडताळ्याचे जादा अंक असतात. रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनीं १९६० सालीं मांडलेल्या त्या रीतीमुळें तबकडीवर बारीक चरा पडला तरी गाणें तुटत नाहीं. पण तबकडीच मोडली तर पडताळाही गेला. तेथें अनेक मुखींच विद्या असावी लागते. म्हणजे तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गांवच्या आप्तांकडे. अंकीय नकलेंत खरखर वाढत नसल्यानें तिसरी प्रतही पहिलीइतकीच शुद्ध. वर्षांतून एकदां सर्व उघडून पाहाव्या.

उतरवून घेण्याचें काम एकदांच, पण नीट व्हावें. यंत्र जें ऐकवील तेंच अंकांत कायम होतें, म्हणून चांगला टेपरेकॉर्डर मिळवून त्याचें हेड आधीं स्पिरिटनें पुसावें. बुरशी दिसणारी पट्टी मात्र तशीच लावूं नये, जाणत्याकडून साफ करून घ्यावी. सीडीच्या प्रमाणानें एका तासाला सुमारें ६३५ मेगाबाइट जागा लागते; चौसष्ट गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हवर शंभरेक तास सहज मावतात. काम झाल्यावरही मूळ कॅसेटी टाकूं नयेत.

आणि खोक्यावर पुष्कळदां शिसपेन्सिलीनें 'माई' एवढेंच लिहिलेलें असतें. माई कोणाच्या कोण, कोणत्या सालीं, कोणाच्या घरीं म्हणत होत्या, मागें कोणाचें मूल रडतें आहे, हें सांगणारें माणूस घरांत आहे तोंवर त्याला शेजारीं बसवून तें फाइलीच्या नांवांत आणि एका वहींतही लिहून घ्यावें.